लॅपटॉपचा स्पीड वाढवून दिल्याबद्दल

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, ८ जून २००८

चि. ओमकार यास मामीचे आशीर्वाद. (मोठ्या माणसांना रागातसुद्धा आशीर्वादच द्यावे लागतात, दुसरं काही लिहायची सोय नाही. पण यातले निम्मे तुझ्या वागण्यावर अवलंबून आहेत हे लक्षात ठेव.)

ती. कमलवन्संना साष्टांग नमस्कार. वन्सं, गुडघे कसे आहेत? तेल लावता ना? तुमच्या चिरंजीवाला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवणार. तेव्हा त्याला समोर बसवा, कानातल्या वायरी काढायला लावा, आणि मी जिथे रागावले आहे तिथे आवाज चढवून वाचा. कळावं म्हणून तेवढ्या ओळींखाली रेघ मारायचं ठरवलं होतं, पण सगळ्याच ओळींखाली येऊ लागली, तेव्हा सोडून दिलं. सरसकट चढवूनच वाचा.

तर ओमकार, पाडव्याच्या सुट्टीत तू दोन दिवस इथे येऊन गेलास. आलास ते बरं केलंस. माझ्या हातची अंबाड्याची भाजी तीनदा मागून घेतलीस, तेही बरं. पण जाण्याच्या दिवशी सकाळी, मी अंघोळीला गेले तेवढ्यात, न सांगता, न विचारता तू तुझ्या मामांच्या लॅपटॉपचा स्पीड वाढवून दिलास. त्याबद्दल हे पत्र आहे.

तो लॅपटॉप आधी तुझाच होता, तू वापरून झाल्यावर मामांना दिलास, हे मी विसरलेले नाही. तो हळू होता हेही खरं. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत एक जुडी मेथी निवडून व्हायची. फाईल उघडेपर्यंत लसूण. तुझे मामा होते तेव्हा बटण दाबायचे, चहा टाकायचे, चहा घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘गाडी अजून काचीगुडा स्टेशनातच आहे.’ मला त्याचा काही त्रास नव्हता. मला कुठे जायचं होतं? पण तुला बघवलं नाही. तू फोनवर मित्राला म्हणालास (मी ऐकलं, अंघोळीला गेलेल्या बाईचे कान घरीच असतात), ‘अरे, बैलगाडी आहे, फॉन्टच चारशे भरलेत.’ आणि मी केस पुसत बाहेर आले तर तू आनंदाने ओरडलास, ‘मामी, बघा, चाळीस सेकंद!’ मीही टाळ्या वाजवल्या. माझं चुकलं. वाजवण्याआधी बघायला हवं होतं.

आता तू काय केलंस ते सांगते, कारण तुला ते अजून माहीत नाही.

तुझे मामा दवाखान्यात जायच्या आधी सात-आठ महिने रोज दुपारी काहीतरी टाइप करत बसायचे. मी विचारलं की ‘शाळेचं’ म्हणायचे. रिटायर होऊन अकरा वर्षं झालेल्या भूगोलाच्या मास्तरांना शाळेचं काय काम असणार? पण मी फार खोदून विचारत नाही. शेवटी दवाखान्यात म्हणाले, ‘लॅपटॉपवर तुझ्यासाठी लिहून ठेवलंय. एकशे चाळीस पानं आहेत. रोज एकच वाच.’

मी सहा महिने उघडलं नाही. राग होता. ज्याला इतकं सांगायचं होतं त्याने समोर बसून सांगायला काय झालं होतं? संक्रांतीला उघडलं. पहिलं पान मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं: ‘तारामती, हे वाचायला बसलीस म्हणजे मी गेलो आहे. रडून झालं असेल तर चष्मा पूस. रोज एकच पान. पुढचं चोरून बघायचं नाही. आधी पाण्याचं बघू.’ आणि मग पाण्याचं. नळाला मंजिरा नदीचं पाणी एक दिवसाआड किती वाजता येतं, मोटर कधी लावायची, टाकीचा कॉक कुठे आहे. तोही कसा सांगितलाय? ‘न्हाणीघराच्या नैऋत्य कोपऱ्यात.’ आता साबण लावलेल्या बाईने नैऋत्य कुठे शोधायची? सगळं घर असंच लिहून ठेवलंय. फ्यूज ईशान्येला, गॅसच्या पुस्तकाचं कपाट वायव्येला. मी अंगणात उभी राहून सूर्य बघायचे आणि मग आत येऊन फ्यूज शोधायचे. चिडायचे, हसायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या पानाची वाट बघायचे. करंट नसला की त्या दिवशी उपास. असं करत पाडव्यापर्यंत एकसष्ट पानं झाली होती.

बासष्टावं पान मी तू गेल्यावर संध्याकाळी उघडलं. चष्मा डोळ्यावर येण्याआधीच मशीन उघडून बसलेलं होतं. आणि पडद्यावर तुझे मामा नव्हते. इंग्रजी अक्षरं होती, त्यांच्यात स्वल्पविराम, टक्क्याचं चिन्ह, डॉलरचं चिन्ह, कंस. सगळीच पानं तशी, पहिल्यापासून एकशे चाळिसाव्यापर्यंत. त्यात मशीनमधून एक बाई अचानक इंग्रजीत बोलली, ती व्हायरस मारणारी, तूच बसवून गेला होतास. माझ्या हातातला तांब्या पडला.

मी तुला फोन केला. तू काय म्हणालास आठवतं? म्हणालास, ‘मामी, मामांनी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं, ती त्यांची चूक. तो फॉन्ट काढला की असंच दिसणार. नाव सांगा, परत टाकून देतो.’ नाव मला कुठून माहीत असणार? ज्यांनी तो फॉन्ट सीडीवर भरून दिला ते वाचनालयाचे हिम्मतराव आता मुलीकडे ऑस्ट्रेलियात, त्यांना स्वतःचंच नाव दिवसाआड आठवतं, आणि ती सीडी शोधून सापडली नव्हती. मग तू म्हणालास, ‘चिल मामी. पण स्पीड तर मस्त आला ना?’

ओमकार, गेलेल्या माणसाची चूक काढायची असेल तर ती मी काढीन. चव्वेचाळीस वर्षं काढली, मला हक्क आहे. तुला नाही. (वन्सं, हे वाक्य दोनदा वाचा.)

आणि की-बोर्डवर त्यांनी डिंकाने चिकटवलेल्या मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या? त्याही तू खरवडून काढल्यास! म्हणे चिकट लागत होत्या. अरे, घाण होती ती की माणसाचं अक्षर होतं?

मी मशीन पिशवीत घालून चिक्कडपल्लीला गेले. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने बघितलं न बघितलं आणि म्हणाला, ‘अम्मा, इसमें तो पूरा कचरा भरा है. व्हायरस है. उडा देतूं, मशीन हवा के सरिका चलेगी.’ त्याचं बोट बटणावर होतं. मी त्याचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं, चार गिऱ्हाईकं बघत होती. म्हटलं, ‘वो कचरा नक्को बोलो, वो हमारे साब हैं.’ त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हळूच हात काढून घेतला आणि मला पाणी दिलं. बिचाऱ्याला वाटलं असेल म्हातारी गेली कामातून. पण त्याने पैसे घेतले नाहीत आणि पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली. तू पुण्याच्या कंपनीत एवढा मोठा, तुला सुचलं होतं का पाणी द्यायचं?

घरी येऊन तीन दिवस मी त्या मशीनशी बोलले नाही. चौथ्या दिवशी मेथी निवडताना एक गोष्ट डोक्यात आली. तुला माहीत नसेल, मी लग्न होऊन उदगीरकडून इथे आले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. शेतावरच्या पोरीला कोण शाळेत घालतंय? तुझे मामा शिकवायला बसले, पण ते पहिल्याच दिवशी पट्टी उचलून ‘हात पुढे कर’ म्हणाले, तेव्हा मी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवून उठले. पुढे मी आपली आपणच शिकले. आरत्या मला पाठ होत्या. आरत्यांची चोपडी समोर धरायची, तोंडाने म्हणायचं आणि बोटाने एकेक अक्षर पकडायचं, की हा आवाज म्हणजे ही आकृती. दोन श्रावण गेले त्यात. त्यानंतर वाचनालयातलं एक कपाट मी सोडलं नाही.

तर म्हटलं, पहिलं पान मला पाठ आहे. मग अडलंय कुठे?

पहिलाच शब्द माझं नाव. त्यात ‘त’ दोनदा आणि काना दोनदा. आणि पडद्यावरच्या पहिल्या शब्दातही दोन खुणा बरोबर दोन-दोनदा! मी तिथेच ओरडले, शेजारची नीलिमा धावत आली, तिला वाटलं मी पडले. मग दोनशेपानी वही आणली. एका बाजूला कचरा, समोर मराठी. ‘चष्मा’ने मला दोन दिवस रडवलं, अर्धा ष कसा येतो ते कळेना. ‘नैऋत्य’साठी तर मी त्यांना उभ्या उभ्या चार शब्द सुनावले: साधं ‘मोरीच्या कोपऱ्यात’ लिहिलं असतं तर काही बिघडलं असतं का? पण मे संपता संपता सगळ्या खुणा जमल्या, फक्त ‘ज्ञ’ सापडला नाही.

मग बासष्टावं पान घेतलं. एका ओळीला अर्धी सकाळ लागायची. डोळ्यांतून पाणी येतं म्हणून उरलेली अर्धी डोळे मिटून बसायचे. सहा दिवस लागले. काल संध्याकाळी पान पूर्ण झालं. सहा दिवसांच्या मेहनतीचं फळ काय मिळालं ते जसंच्या तसं उतरवून देते:

‘पान ६२. पाहुणे. कमलचा ओमकार आला तर त्याला दोन्ही वेळा गरम भाकरी घाल. पुण्यात त्याला नीट खायला मिळत नाही. (वन्सं, हे तुमच्या भावाचे शब्द आहेत, मी फक्त उतरवले.) मुलगा गुणी आहे, माझ्यावर त्याचा जीव आहे. जाताना भाजी डब्यात भरून दे. पण लॅपटॉपला हात लावू देऊ नकोस. त्याला चालू असलेली वस्तू दुरुस्त करायची सवय आहे.’

मी इतकी हसले की नीलिमा पुन्हा धावत आली. मग दुसरंही झालं, ते लिहीत नाही.

एक दिवस, ओमकार. पाडव्याला तू एक दिवस उशिरा आला असतास तर मी ते पान वाचलेलं असतं.

तेव्हा पुढच्या शनिवारी मिळेल त्या गाडीने निघून ये. सबबी चालणार नाहीत.

तुझी मामी,
तारामती

ता. क. रागाच्या भरात वर एक गोष्ट लिहायची राहिली. ती हिम्मतरावांची सीडी घरातच होती. चाळिसाव्या पानावर तुझ्या मामांनी लिहिलं होतं की स्वयंपाकघराच्या खिडकीत (पूर्वेकडच्या) कबुतरं बसतात, तिथे जुन्या सीडी टांग, चमकल्या की येत नाहीत. मी खणातल्या वरच्या दोन घेतल्या, पाठीला पाठ लावून बांधल्या आणि टांगल्या. आज सकाळी दोरी कुजून दोन्ही खाली पडल्या. एकीच्या आतल्या बाजूला त्यांचं अक्षर: ‘मराठी फॉन्ट. जपून ठेवणे.’ फेब्रुवारीपासून ती तिथे लोंबत होती. मी रोज तिच्याखाली उभी राहून पोळ्या लाटत होते आणि तुला शिव्या देत होते. वन्सं, हा ता. क. हळू आवाजात वाचला तरी चालेल.

ता. क. २. चिक्कडपल्लीवाल्याचं दुकान रविवारीही उघडं असतं, म्हणून दुपारी जाऊन आले. त्याने स्वतःच्या मशीनमध्ये घालून बघितली. ‘चलती है अम्मा, पाँच मिनट में डाल देतूं.’ मी ‘नक्को’ म्हटलं आणि घेऊन परत आले. रिक्षात हिशेब केला. फॉन्ट टाकला तर रोज एक पान, म्हणजे श्रावणातच एकशे चाळिसावं येईल. आणि असं ओळ ओळ उकलत गेले तर पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत ते पुरतील.

ता. क. ३. म्हणून तुला बोलावते आहे. फॉन्ट टाकायला नाही. ये आणि ती सीडी घेऊन जा. घरात असली की माझा हात तिकडे जातो, आज दुपारपासून तीनदा गेला. पुण्याला नेऊन कुलपात ठेव. मी फोन करून मागितली तरी देऊ नकोस, रडून मागितली तरी देऊ नकोस. फक्त माझे डोळे गेले तर घेऊन ये, आणि तोवर मराठी वाचायला शिकून ये, कारण मग पुढची पानं तुलाच मला वाचून दाखवावी लागतील. आरत्या पाठ आहेत ना तुला? मग जमेल.

भाकरी दोन्ही वेळा गरम मिळेल, भाजी डब्यात भरून मिळेल. लॅपटॉप नीलिमाकडे ठेवला असेल.