आडवं पान

कसबा पेठ, पुणे
१७ जानेवारी २०१०

प्रिय आनंदी,

पत्र माझंच आहे, अक्षर बघून ओळखलं असशील. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे. इथे कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही, तेव्हा घाबरू नकोस. पण आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. तुझ्या अपेक्षाला माझ्या स्पृहाच्या मागे तू लावलंस का? दोघी नाती सांगतात की कंपनीच्या बसमध्ये ओळख झाली. हिंजवडीला रोज हजारो पोरी जातात. त्यातली आर्वीची एक नेमकी माझ्या नातीशेजारी बसते, आणि नेमकं तिलाच सांगते की माझ्या आजीच्या बहिणीचा कसब्यात फोटो स्टुडिओ होता. मला नाही पटत. तुला आवडो न आवडो, मी संशयीच आहे, आणि का आहे ते पुढे येईलच.

मार्चात मला पंचाहत्तर पुरी होतात. माझ्या माधवने त्याचा घाट घातलाय, अर्थात मला न विचारता. स्पृहा अल्बम करते आहे, तोही कॉम्प्युटरवर. जुने फोटो एका यंत्राच्या काचेवर पालथे घालायचे, ते पडद्यावर येतात. मग कडेने रिबिनी, फुलं, फुलपाखरं चिकटवायची, तीसुद्धा पडद्यावरच, आणि सगळं पुस्तकासारखं छापून आणायचं. फुलपाखरं मी पहिल्याच दिवशी काढायला लावली. मग तिने विचारलं, आजी, पान केवढं घ्यायचं, उभं, आडवं की चौकोनी? मला वाटलं, चला, घरात कुणीतरी शहाणा प्रश्न विचारला. तीस वर्षं तुझ्या भावजींनी फोटो काढले, कामावरच्या कोंडीरामने ते धुतले आणि मी त्यांच्यामागचे पुठ्ठे कापले. फोटोभोवती किती मोकळं सोडायचं हे मला पट्टीशिवाय कळतं. आता त्या जागेत मोबाइल रिचार्ज करणारा बसतो आणि मला आजी म्हणतो. मी त्याला भाडेकरू म्हणते.

मी सांगितलं, चौकोनी घे. बारा बाय बारा. स्पृहा म्हणाली, अगं, आपले जवळजवळ सगळे फोटो आडवे आहेत, चौकोनी पानात वर-खाली नुसता कागद उरेल. खरंच होतं तिचं. कुणी कामगाराने असं केलं असतं तर मी पुठ्ठा त्याच्याच हातात परत दिला असता. पण मी हटून बसले. तिला तिथेच वास आला. रोज एकेक फोटो मोजायला लागली आणि चौथ्या दिवशी माधवच्या बारशाच्या फोटोवर येऊन थांबली. बाकी सगळे बारा बाय दहा, हा एकटाच दहा बाय दहा. चौकोनी पानात चारी बाजूंनी एकेक इंच सोडून असा बसतो की जणू त्याच्यासाठीच पान केलंय. मग तिने जवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाली, आजी, आजोबांचा डावा हात कुठे गेला? कोपरापर्यंत आहे आणि पुढे फोटोच संपतो. मी म्हटलं, वाळवी लागली होती. तर मला विचारते, वाळवी एवढं सरळ खाते? पुण्यात वाढलेल्या पोरीला थाप मारणं माझ्या वयाला झेपत नाही.

त्या हाताच्या पुढे तू होतीस. हे तुला सांगायला नको, पण लिहायला घेतलंय तर सगळं लिहिते. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मी सासरीच बाळंत व्हायचं ठरलं आणि सातव्या महिन्यात तू मदतीला आलीस. अठरा वर्षांची. स्वयंपाकात तुझा उजेडच होता, पण फोटो रंगवायच्या ब्रशला तू हात लावलास आणि तुझे भावजी बघतच राहिले. नवऱ्यामुलींच्या ओठांना, शालूच्या काठांना तू असा रंग द्यायचीस की गिऱ्हाईकं तुझ्यासाठी थांबायची. मी आत पाय सुजवून बसलेली, आणि बाहेरून तुमचं हसणं ऐकू यायचं. कशावर हसता म्हणून विचारलं तर तू म्हणायचीस, काही नाही गं ताई. या काही नाहीवर मी किती रात्री काढल्या, तुला काय कल्पना.

बारशाच्या दिवशी आपण सगळे स्टुडिओतल्या पडद्यापुढे बसलो. डावीकडे सासूबाई, मध्ये माधवला घेऊन मी, उजव्या टोकाला स्टुलावर तू आणि आपल्या दोघींच्या मागे हे उभे. आठ दिवसांनी फोटो हातात आला. यांचा डावा हात कोपरात वाकून तुझ्या पाठीमागे गेलेला. पंजा दिसत नव्हता. मी कोणाला काही विचारलं नाही. पुठ्ठे कापायचं पातं घेतलं, दोन इंच कापले आणि ती पट्टी बंबात घातली. दुसऱ्या दिवशी यांनी फोटो उचलला, कड निरखून पाहिली आणि एवढंच म्हणाले, पातं बोथट होतं वाटतं. पुढे अवाक्षर नाही. मी मनात म्हटलं, चोर असाच गप्प बसतो.

आता नातींचं ऐक. दिवाळीनंतर स्पृहा गॅलरीत जाऊन फोनवर हळू बोलायला लागली. मला पाहिलं की विषय बदलायचा. मला वाटलं, कुणी पोरगा असेल. रविवारी वारज्याला मैत्रिणीकडे जाते म्हणून गेली ती चार तासांनी आली, आणि आल्या आल्या म्हणते, आजी, पान चौकोनी नको, आडवंच घेऊ. पंधरा बाय बारा. मी म्हटलं, कालपर्यंत चौकोनी चालत होतं, आज कुणाचा सल्ला आला? तर म्हणे, असंच. मी फूटपट्टी घेऊन बसले. चौकोनी पानात दहा इंची फोटो नीट बसतो. आडव्या पानात त्याच्या उजवीकडे जागा उरते. आणि या बयेने बाकी सगळ्या फोटोंची पानं मला दाखवली, नेमक्या त्याच फोटोचं दाखवायचं ठेवलं. तेव्हाच मी ओळखलं की तो फोटो पुरा करायला कुणीतरी मदत करतंय. मी तिला खुर्चीत बसवून सरळ विचारलं. मग सगळं बाहेर आलं. वारज्याची मैत्रीण म्हणजे तुझी नात. आणि यांनी त्याच फोटोची अख्खी प्रत काढून तुझ्या लग्नात तुला दिली होती, हे मला बावन्न वर्षांनी नातीकडून कळलं. तू आर्वीहून ती अपेक्षाकडे पाठवलीस आणि तिने यंत्रावर पालथी घातली.

स्पृहाने मला पडद्यापुढे बसवलं. आडवं पान उघडलं. तू तशीच बसली होतीस, मान किंचित वाकडी, हसू दाबलेलं. मी तुझ्याकडे बघितलं नाही, हाताकडेच बघत होते. स्पृहाने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि म्हणाली, आजी, तुझ्या बहिणीच्या स्टुलाखाली ही काळी रेघ आहे ना, जुन्या फोटोवर ओरखडा असेल. पुसून टाकते, एका मिनिटाचं काम. मी ओरडले, हात लावशील तर बघ. पोरगी दचकली. तो ओरखडा नव्हता, आनंदी. तुझ्या पाठीमागून निघून, स्टुलाच्या पायाला वळसा घालून, सतरंजीवरून ती रेघ सरळ पुढे येत होती. कॅमेऱ्याकडे. रबराची नळी होती ती. तिच्या दुसऱ्या टोकाला फुगा असायचा, तो दाबला की फोटो निघायचा. स्वतः फोटोत असले की हे फुगा कुणाच्या तरी पाठीमागे लपवायचे, दिसला तर फोटो वाया म्हणायचे. मला हे माहीत होतं. मी ती नळी हजार वेळा गुंडाळून ठेवली आहे. कोंडीराम त्या दिवशी गावाला गेला होता, तेही मला माहीत होतं. मग सगळे फोटोत आहेत तर फोटो काढला कुणी, हा प्रश्न फोटोग्राफरच्या बायकोला बावन्न वर्षांत एकदाही पडला नाही.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. मनापासून पत्रं मी जन्मात दोनच लिहिली. दुसरं हे. पहिलं त्या फोटोनंतर चार दिवसांनी आपल्या वडिलांना लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की आनंदीला शहरात ठेवणं बरं दिसत नाही, आर्वीचं बिजवराचं स्थळ सोडू नका, त्याला एक मूल आहे तर असू दे, महिन्याभरात उरकून टाका. तुला वडिलांनी सांगितलं असेल की हे त्यांच्या मनात आलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते सगळं माझ्या हातचं होतं. लग्नाला मी आले नाही, बाळ लहान आहे म्हणून कळवलं, तेही खोटं. तुझा संसार बरा झाला असं अपेक्षा फोनवर सांगते, पण त्याचं श्रेय मी घेणार नाही. तू पुन्हा ब्रश हातात धरलास का हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, आजीच्या हातात ब्रश कधी पाहिलाच नाही. हे जाऊन सोळा वर्षं झाली, त्यांना काही विचारायची सोय नाही. तुला विचारता येतं. अल्बम छापायला गेलेला नाही. तू हो म्हणालीस तर आडव्या पानावर, तुझ्यासकट, रेघेसकट. नको म्हणालीस तर चौकोनी छापीन, आणि तो फोटो त्यात घालणार नाही. माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तोंडावर म्हणायचं असतं आणि त्यासाठी तुला यावं लागेल. फोटोखाली काय लिहू म्हणून स्पृहा मागे लागली आहे. मी सांगितलंय, डावीकडून सगळ्यांची नावं लिही, आनंदीचं नाव अख्खं लिही, आणि शेवटी लिही की फोटो आजोबांनीच काढला, डाव्या हाताने.

उत्तराची वाट बघणारी, तुझीच
ताई