पावसाची सूतभर जागा

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. चौथीपर्यंतचं शिक्षण तुमची मापं वहीत उतरवण्यापुरतं कामी आलं. आज दुपारी मात्र कुणाशी बोलावं तेच कळेना. तुमची हत्यारांची पेटी पूर्ण झाली! आणि मला रडू आवरत नाही.

जन्मभर गावाला दारं, पाळणे करून दिलेत. स्वतःची हत्यारं मात्र पोत्यात! मी टोकलं की म्हणायचात, "फुडल्या महिन्यात करू." कुठे गेला हो तो पुढचा महिना? ऊन लागल्याचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत उठून चालते झालात.

एक सांगून टाकते. तुमच्या सरणाला लाकूड कमी पडलं. दुष्काळात गावात लाकूड कुठलं? भाऊजी पेटीसाठी जपलेल्या सागवानी फळ्या उचलायला लागले आणि मी आडवी आले. "ह्या न्हाई देनार," म्हटलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. तुम्ही रागावलात का? ह्याही जळाल्या तर तुमचं काहीच उरणार नाही, एवढंच मला सुचलं.

त्याच फळ्यांची मी पेटी केली. रंधा, पटाशी, गुण्या, सगळ्यांना आपापला कप्पा. इतकी वर्षं मोठ्या करवतीचं दुसरं टोक मीच ओढत होते ना? तरी आत्याबाई म्हणाल्याच, "बाईमानसाच्या हातात रंधा? लोकं काय म्हनतील?" परवा फळी हलायला लागली, तेव्हा त्यांनीच येऊन धरली.

लातूर आता जिल्हा झालाय. कचेऱ्यांची टेबलं-कपाटं करायला माणसं हवीत. ठेकेदाराला भेटले. तो म्हणाला, "सोताच्या हातानं केलेली एक वस्तू आना बाई, मग बघू." उद्या पेटी घेऊन जायचंय. त्यानं नाही म्हटलं तर? दुष्काळी कामावरचं खडी फोडणंही या आठवड्यात बंद होतंय. दोन पोरींना घेऊन मी कुठे जाऊ, सांगा ना!

म्हणून झाकण असं घट्ट बसवलं की मधे केसही जाणार नाही. ठेकेदाराला सफाई दिसावी म्हणून. आणि खरं सांगू? रागानेही. तुम्ही प्रत्येक झाकणाला ज्वारीच्या दाण्याएवढी फट ठेवायचात. "सूतभर जागा पावसाची. लाकूड फुगतंय. झाकन अडकलं तर हत्यारं आत अन् आपुन भायेर." पण पाऊस आहे कुठे? दोन वर्षं झाली! जो येतच नाही त्याच्यासाठी जागा कशाला सोडायची? तुम्ही तरी कुठे येणार आहात?

आत्ता धाकटी आली. झाकणाच्या कडेनं बोट फिरवत म्हणाली, "आई, पावसाची जागा इसरलीस?" तिला तुम्ही कधी शिकवलंत हो हे?

हे पत्र मिटलं की रंधा घेते. उद्या ठेकेदारानं फटीवर बोट ठेवलं, तर मान खाली घालणार नाही. ही चूक नाही, आमच्या घरची रीत आहे, असं सांगीन. त्यानं काम देवो न देवो, पावसाची जागा सोडल्याशिवाय माझ्या हातचं एकही झाकण बाहेर जाणार नाही. शब्द देते तुम्हाला.

करवतीच्या दुसऱ्या टोकाची,
तुमचीच सुलोचना