विमानाचं दार लागल्यावर

स्वेटर काढलास तो काढलास, निदान घडी तरी घालायचीस. काल संध्याकाळी तू दुकानदाराकडून मागून आणलेल्या काट्याला पिशवी टांगलीस आणि माझ्यासमोर एकेक वस्तू बाहेर फेकायला लागलीस. वर मलाच शिकवत होतीस की सात किलोच्या वर गेलं की विमानवाले पिशवी अडवतात. मला. अकरा वर्षं त्यांच्या खुर्च्यांखालचं पुसलं मी. केसांना लावायच्या चार बाटल्या पिशवीत राहिल्या आणि माझा विणलेला स्वेटर खुर्चीवर, तोही बोळा करून. त्या बाटल्या एव्हाना तपासणीत काढून घेतल्या असतील बघ, एवढ्या मोठ्या नेऊ देत नाहीत. पण सांगणारी मी कोण.

प्रिय टाचणी,

हे पत्र तुझ्या सात किलोत धरलेलं नाही, ते भूगोलाच्या बाईंच्या पर्समधून येतंय. बाईंना मी बजावलंय, विमानाचं दार लागल्यावरच हातात द्यायचं, त्याआधी नाही. आधी दिलं असतं तर तू उठून परत आली असतीस. किंवा आली नसतीस. यातलं कुठलं मला सोसलं असतं ते मलाच कळेना, म्हणून दारावर भिस्त ठेवली. अक्षर लावून वाच. माझी शाळा चौथीत सुटली, आणि त्यानंतर मी लिहिलं ते फक्त सफाईच्या तक्त्यावर बरोबरच्या खुणा. मधे मधे रेघ वाकडी गेलीय. म्हातारपण समज.

सहल पाच दिवसांची आहे. पाचव्या दिवशी संध्याकाळी तू घरी यायचीस. शाळेनं पाठवलेल्या आठ कागदांत माझ्या कामाची ओळ तेवढी एकच, आणि गेले दोन महिने त्याच ओळीनं माझ्या जिवाला घोर लावलाय. त्या ओळीत काही खोट नाही. पण तू येशील हे कागदावर लिहिलंय, आणि कागदावर काय काय लिहिता येतं ते मला ठाऊक आहे. ते पुढं सांगते. आधी विमान.

विमानाला मी भीत नाही असं तुला सांगत आले. ते उभ्या विमानाबद्दल होतं. उभं विमान म्हणजे एक लांबोडकी खोली, जिच्यात माणसं आपला पसारा टाकून गेलेली असतात. उडालेलं विमान मी आतून पाहिलेलं नाही. रोज चढले आणि रोज उतरले, सगळं जमिनीवरच. पण वर काय झालं ते मला खाली कळायचं. खुर्चीच्या हातावर नखं रुतल्याच्या खुणा. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकल्याचा तेलकट डाग. तिकिटाचे बारीक बारीक कपटे, एकाच जागी ढीग. मी मुकादमाला सांगायचे, आज वाटेत जोरात हललंय, मागच्या दहा ओळींत जास्त. तो म्हणायचा, मावशी, तुम्ही पायलटच व्हायचं. मी म्हणायचे, झाले असते, मग माझी बादली तू उचलली असतीस.

त्यात हे स्वस्तातलं विमान. खुर्ची मागं रेलत नाही, समोर खिसा नाही, पाणीसुद्धा विकत. कमी पैशात नेतात म्हणजे कुठंतरी हात आखडता घेत असणार, एवढं मलाही कळतं. एकदा त्यांच्या मेकॅनिकला मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, मावशी, काटकसर करतात ती गादीत आणि पाण्यात, इंजिनात नाही. माणूस शहाणा होता, हाताला नेहमी काळं लागलेलं, खोटं बोलण्यातला नव्हता. पण सुट्टीत घरी जायचा तो बसनं.

तर आता वाचता वाचता कर. पट्टा पोटावर नाही, खाली मांड्यांवर, आवळून. तुझी तेविसावी ओळ आणि मधली खुर्ची. जास्तीचे पैसे भरून जागा निवडली नाही म्हणून मैत्रिणी सगळ्या आठव्या ओळीत आणि तू दोन परक्यांच्या मधे. तोंड पाडून बसू नकोस, पंखावरचं दार तुला त्यांच्यापेक्षा जवळ आहे. ते सहा ओळी पुढं, आणि शेपटाकडचं नऊ ओळी मागं. पुन्हा मोज, पण नुसत्या नजरेनं नाही, एकेक खुर्ची मनात धरून. धूर झाला तर डोळे कामाला येत नाहीत, हात येतात. जमीन सोडताना आणि जमिनीला लागताना बूट पायात. खुर्चीखाली तरंगायचं जाकीट आहे का म्हणून हात घालून ओढू नकोस, ते असतं. एकदाच नव्हतं, तेव्हा मी जिन्यात आडवी उभी राहिले आणि ते आल्याशिवाय माणसं चढू दिली नाहीत. मुकादम चार दिवस माझ्याशी बोलला नाही. कान दडले तर काहीतरी चघळ. आणि शेजारचा माणूस घाबरला तर त्याला धीर देत बसू नकोस, तो मोठा आहे.

एवढं लिहून हात धुऊन आले. भांडी घासली, घासलेलीच परत घासली. वाटलं होतं, दारं मोजून झाली की मन जागेवर बसेल. बसत नाही. कारण विमान पडण्याची भीती मी अकरा वर्षं पाळलेली आहे, ती मला ओळखते. ही दुसरी आहे.

शाळेचा फॉर्म आला तेव्हा शेवटचं पान तू गादीखाली सारलंस. मला सापडलं. परदेशी न्यायचं तर आईची सही, असं त्यावर होतं. बापाची जागा कारकुनानं आधीच रेघ मारून बंद केली होती, ते बरं केलं. तुला वाटतं मी शाळेत जाऊन त्या कारकुनाशी भांडले आणि त्यानं वैतागून शिक्का मारून दिला. मैत्रिणींना तू तसंच सांगितलंस, माझी नक्कल करून. मी जिन्यात उभी राहून ऐकली. पदर खोचल्याचं छान केलंस. पण मी कुणाशी भांडले नाही. मी ते पान वाचलं, आणि वर लिहिलं होतं विमान कुठं उतरणार ते. ही स्वस्तातली विमानं शहराचं नाव सांगतात आणि माणसं दोन तास अलीकडं, माळावर नेऊन उतरवतात. त्या माळाशेजारच्या गावाचं नाव मी दोनदा वाचलं. तिथं तुझी आई राहते.

तिचा ठावठिकाणा नाही असं मी तुला सांगत आले. पत्ता आहे. पहिल्यापासून आहे. तुझ्या दप्तराचा बंद शिवायला मी ज्या डब्यातून दोरा काढते, त्याच डब्याच्या तळाशी.

माझी लेक गेली तेव्हा तू पाच वर्षांची. तिला बाहेर काम मिळत होतं आणि वर्षभरात तुला घेऊन जाईन म्हणत होती. मी म्हटलं, जायचं तर जा, पोर मिळणार नाही. मग तीन आठवडे एका घरात राहून आम्ही दोघी बोललो नाही, भांड्यांकडून बोलायचो, ती एक आपटायची, मी दोन. आणि ज्या सकाळी तिला जायचं त्या सकाळी तेच विमान आमच्या टोळीच्या वाट्याला आलं. आता म्हणे आतली गणवेशातली पोरंपोरीच आवरतात, तेव्हा आम्ही चौघी होतो आणि आम्हाला बारा मिनिटं मिळायची. मी मुकादमाला म्हटलं, मला दुसरं दे. तो म्हणाला, विमानं काय मंडईतली भाजी आहे, निवडून घ्यायला. तिची खुर्ची कुठली ते मला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्या खुर्च्यांचे हात दोनदा पुसले. मुकादम खालून ओरडला, मावशी, पाळणा पुसताय का.

आम्ही मागच्या जिन्यानं उतरलो तेव्हा माणसं चालत यायला लागली होती. पिशवीत मावेना म्हणून तिनं अंगावर दोन कोट चढवले होते, ऊन असताना. माझ्या दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या. प्रवाशांशी बोलायचं नाही असा आम्हाला नियम होता, आणि तो नियम त्या दिवशी मला फार सोयीचा पडला. ती रांगेतून अर्धं पाऊल बाहेर आली. मी मान खाली घालून पायरी बघितली. त्या पायऱ्या मी डोळे मिटूनही उतरले असते, टाचणे, बघायची काही गरज नव्हती.

विमान गेलं. तेच विमान दुपारी परत यायचं होतं. तोवर मी कुठल्या विमानात काय पुसलं ते विचारू नकोस. आकाशात ढग एवढासा आला की मी फडकं टाकून वर बघायचे. ते दुपारी आलं, पांढरं, सगळं जागच्या जागी. म्हणजे ती पोचली. आत चढून मी पहिल्यांदा खुर्च्यांचे हात बघितले. एका ओळीत, खिडकीपाशी, नखांच्या नव्या खुणा होत्या. तिच्याच असतील असं नाही. दीडशेवर माणसं होती. पण मी त्या पुसल्या नाहीत, पुसून जातही नाहीत त्या.

ती जिथं उतरली तिथंच राहिली. शहरापर्यंत गेलीच नाही. माळाच्या कडेला एक हॉटेल आहे, पहाटेच्या विमानाचे प्रवासी निजायला येतात ते, तिथं ती चादरींना इस्त्री करते. हे इस्त्रीचं मला दोन महिन्यांपूर्वी कळलं, कारण सहीसाठी मी तिला पत्र घातलं. सात वर्षांत पहिलं. चार ओळी लिहायला तीन दुपारी गेल्या. शाळेचं पान परत आलं ते सहीसकट, आणि बरोबर एक कागद. तू उतरलीस की बाहेरच्या दाराशी ती उभी असेल. बस सुटायला अर्धा तास असतो. परत निघायच्या दिवशी बाईंनी तुम्हा दोघींसाठी सकाळ मोकळी ठेवलीय. बाई भल्या आहेत, त्यांना मी सगळं सांगितलं, आणि त्यांनी मला पाणी दिलं. ओळखशील का तिला, हा प्रश्नच नाही. तुझंच नाक आहे, जरा जास्त वापरलेलं.

आता कागदाचं सांगते. सात वर्षांत पहिलं असं वर लिहिलं, कारण त्याआधी एक झालं होतं. तू सात वर्षांची असताना तिनं तिकीट पाठवलं होतं, तुझं आणि माझं, मी तुला पोचवून परत यावं म्हणून. सोबत लिहिलं होतं, तिला विचार, तिला माझ्याकडे राहायचंय का, आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळव. त्या वेळी तू पलीकडच्या खोलीत फरशीवर बसून शाळेच्या बुटांना पॉलिश करत होतीस, अर्धं बुटाला आणि अर्धं फ्रॉकला. मधे दहा पावलं होती. मी गेले नाही. मी बसल्या जागी कागद घेतला आणि लिहिलं, विचारलं, नको म्हणाली. तिकीट परत केलं. मग तुझ्या खोलीत आले आणि फ्रॉक खराब केलास म्हणून तुला ओरडले. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही, कारण तिला तुझं उत्तर मिळालं होतं. आणि तू कधी विचारायचीस, आईनं मला का नाही नेलं, तेव्हा मी कामाला लागायचे. तुझी माफी मागायला हे लिहीत नाही, ते मला जमत नाही आणि तुला पचणार नाही. लिहितेय ते अशासाठी की या खेपेच्या कागदावर तिनं परत तोच प्रश्न घातलाय, आणि तो मी तुझ्या वतीनं उत्तर न देता जसाच्या तसा तुझ्याकडे पाठवतेय. ती तुला दाराशी विचारेल. घाई केली तर तिला थांबव, पाच दिवस आहेत. मी एकटी पडेन का, हे मधे आणायचं नाही, ती रडेल का, हेही नाही. मला विचारायला बाईंचा फोन मागशील तर मी उचलणार नाही. बाईंना विचारायचं नाही, मैत्रिणींना नाही, आणि तिनं माझ्याकडून आधी काय उत्तर आलं होतं ते दाखवलं तर ते फाडून टाक. या वेळी उत्तर तू द्यायचंस, तिच्यासमोर उभं राहून, तुझ्या तोंडानं.

तुझीच,
आजी