वाघनखांचा चिनी तह

तीर्थरूप नर्मदाआक्कास,

शारजाहून रणजितचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? बालवाडीच्या पोरांनी तुझा घसा शिल्लक ठेवलाय ना? इकडे आम्ही मजेत. मधले तीन आठवडे माझे चीनशी संबंध जरा बिघडले होते, पण आता तह झालाय.

त्याचं असं झालं. आपण मराठीत विचारावं आणि उर्वीने इंग्रजीत उत्तर द्यावं, हा आमच्या घरचा रिवाज तुला ठाऊकच आहे. (फोनवर तू "पोरगी हातची गेली" म्हणालीस, ते मला फार लागलं होतं.) म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या नाटुकल्यात शिवाजी महाराज व्हायला ती तयार झाली तेव्हा मी हुरळून गेलो. तिची अट एकच, वाघनखं हवीत. इथल्या रोल्लाच्या बाजारात सगळं मिळतं, वाघनखं मिळत नाहीत. मग चीनमधल्या एका खेळणीवाल्या बाईंना मोबाईलच्या भाषांतरावर ऑर्डर दिली. त्यांनी माझे शब्द इमानेइतबारे पार्सलच्या कागदावर उतरवले: 'वाघाची नखे, शस्त्र, मुलांसाठी.'

कार्गोच्या ऑफिसात कस्टमच्या मरियम मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि मग माझ्याकडे पाहिलं. शस्त्र असेल तर परवाना कुठाय? मी म्हटलं, शस्त्र नाही हो, नुसती नखं. मग वाघ कुठला, मारला कोणी? वाघबिघ नाही, प्लास्टिक असेल, म्हणालो, तर त्यांनी प्लास्टिकने समुद्रातली कासवं कशी मरतात ते ऐकवलं. आक्का, दोन देशांचे राजदूत जे महिनोन्महिने बोलतात, ते सगळं मी एकट्याने, हातात टोकन घेऊन, पाऊण तासात बोललो. शेवटी चीनहून खुलासा मागवला. उत्तर आलं: 'वाघ सुखरूप आहे. मैत्री चिरायू होवो.' "खोलो हबीबी, यल्ला," मॅडम म्हणाल्या. खोललं, तर आत मखमली पंजे! पट्टेदार, कापसाने गुबगुबीत. मॅडमनी एक हातात घालून पाहिला, हसल्या आणि पार्सल सोडलं.

शुक्रवारच्या प्रयोगात अफझलखान झाला होता आपल्या गुहागरचा दगडू. (रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात असतो, उंची सहा फूट.) उर्वीने पाठ केलेलं भाषण अडखळत संपवलं, मिठी मारली आणि पंजा खुपसला. दगडूला गुदगुल्या झाल्या! खान हसत सुटला, काही केल्या मरेना. तेव्हा उर्वी ओरडली, "काका, हसताय काय? मी तुम्हाला मारली ना! मरा की आता!"

तीन वाक्यं, आक्का, तिची स्वतःची, कोणी न शिकवलेली. (व्याकरण नंतर बघू.) नीलिमाचं आईचं काळीज, ती सरळ रडली. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. पायात सँडल होते.

तुझा धाकटा,
रणजित

ता. क. चीनच्या बाईंची कमीत कमी ऑर्डर पाचशे जोड्यांची होती, हे मी त्या भरात वाचलंच नव्हतं. पार्सलमध्ये आली ती नमुन्याची जोडी. ती उर्वी जेवतानाही काढत नाही.

आणखी ता. क. उरलेल्या चारशे नव्व्याण्णव काल आल्या. हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही, म्हणून बोटीने तुझ्या बालवाडीला धाडतोय. नाही म्हणू नकोस. खोक्यांवर काय लिहावं याचा मी फार धसका घेतला होता. शेवटी प्रत्येक खोक्यावर उर्वीनेच मार्करने लिहिलं, मराठीत: 'आत्या, आत वाघ नाहि.'