एका वेळी एकच थान

पप्पा, मॅथ्स निघालं. तीनदा अडकलेलं, आणि ह्या वेळी नाय निघालं तर इंजिनिअरिंग सोडायचं असं मम्मीशी ठरलेलं. दुपारी रिझल्ट बघितला आणि सरळ गुलमंडीत आपल्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. तुम्ही गेल्यापासून तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. तरी मला आपलाच काउंटर दिसतो. मी आठवीत आहे, सुट्टीत तुमच्या शेजारी कापड मोजतेय. वैजापूरच्या एका मावशीला पडद्यासाठी साडेपाच मीटर पाहिजे. मोजता मोजता मी रस्त्यावरची वरात बघते आणि साडेचारवर कात्री घालते. "पोरगी कापड कापायली का काकडी?" मावशी म्हणते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "डोकं कुठं ठेवून येते गं तू?" लई लागलं होतं ते. पण डबा खाल्ल्यावर तुम्ही तुमचा खडू माझ्या हातात दिला. "हे बघ बेटा, काउंटरवर एका वेळी एकच थान, कापडाचा एकच तागा. ते गुंडाळून वर गेलं, मगच दुसरं. मापावर खूण कर, आकडा तोंडानं बोल, मग कात्री."

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, मला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाय. मी ढ नव्हते पप्पा, आळशी पण नव्हते. मम्मी घाबरली, "गोळ्यांनी पोरगी सुस्त होईल." झाले नाय. सुरुवातीला भूकच मेली, मग डॉक्टरांनी डोस कमी केला आणि हळूहळू जमलं. पण नुसत्या गोळीनं गणितं सुटत नाहीत. थेरपिस्ट ताईंनी टेबल रिकामं करायला लावलं. एक वही, एक चॅप्टर, वीस मिनिटांचा टायमर, प्रत्येक स्टेप मोठ्यानं बोलायची. मी हसायलाच लागले. म्हटलं, "ताई, हे मला गुलमंडीत शिकवलंय, कापड कापताना."

आता कळतं, तो नियम तुम्ही माझ्यासाठी नव्हता बनवला. तुमचा चहा रोज गार व्हायचा, आणि कात्री गळ्यात अडकवून तुम्ही दुकानभर तीच शोधायचे.

हे पत्र मॅथ्सच्या वहीत ठेवते, दुसरीकडं कुठं टाकणार. फक्त एक राहिलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलेलं, घरात अजून कोणाला असं होतं का. मी पटकन "नाय" म्हटलं. वाटलं, तुमचं नाव कशाला. सोमवारी जाऊन सांगणार आहे: माझ्या पप्पांना बहुतेक होतं, आणि त्यांच्या हातून एकही माप चुकलं नाय.