ओवाळलेलं मीठ

२ जून
आज पनवेलला कृष्णकांत साहेबांच्या बंगल्यावर कामाला लागले. मागची खोली मिळाली, पंखा आहे, नळाला पाणी आहे, आणखी काय पाहिजे! माझी लेक मनस्वी बाळंतपणाला आली आहे, तिलाही ठेव म्हणाले. साहेब क्वचितच येतात. ही वही दिली, झाडांचं रोज लिही म्हणाले. झाडाचं नाव होस्टा. फूल बघायचं नाय, नुसती पानं. ऊन नको, पाणी साचायला नको, थंडीत कुंडीवर बर्फ घालायचा. झाड आहे का जावई?

५ जून
मोठ्या निळसर होस्टाच्या पानांना भोकं पडली. गोगलगायी. साहेबांना फोन करून औषध विचारलं. मनस्वी हसायला लागली, म्हणाली, आये, तू मिठागरातली आणि गोगलगायीला औषध विचारतेस? मीठ टाक की, मरतात.

७ जून
काल मनस्वीची ओटी भरली. बायका तिच्या पोटाकडे बघत बसल्या होत्या, म्हणून आज दृष्ट काढली. मीठ-मोहरी-मिरच्या चुलीत टाकायच्या असतात. इथे चूल कुठली? मीठ फेकून द्यायची आमच्यात सवय नाय. मिरच्या उचलल्या आणि ते मीठ निळ्या होस्टाच्या कुंडीत पसरलं. एका मिठात दोन कामं.

१० जून
गोगलगायी मेल्या नाहीत. मिठावर बसून आहेत. पानाला तीन नवी भोकं. मनस्वीच्या दंडावर तीन गोल डाग. डॉक्टरीण म्हणाली, घामोळं. घामोळं असं असतं होय?

१३ जून
वाऱ्याने झाडांवरची सावलीची जाळी फाटली, दुपारभर झाडावर ऊन. पानांच्या कडा करपल्या. मनस्वी तापाने फणफणली, ओठ काळे पडले. कुंडी ओढत सावलीत नेली. ताप उतरला. लगेच.

१५ जून
खात्री करायची म्हणून कुंडीत तांब्याभर पाणी जास्त ओतलं. मनस्वीचे पाय सुजले. आई आहे का कोण आहे मी!

१७ जून
वरची माती काढून फेकली. उपयोग नाय, मीठ मुळांत उतरलंय. दिवसभर गोगलगायी वेचते. मनस्वी चिडली, म्हणाली, मी इथे कण्हतेय आणि तू झाडाजवळ बसतेस. तिला काय सांगू?

२० जून
साहेबांचा फोन. रविवारी येतात. निळ्या होस्टाचा गड्डा फार भरलाय, सुरीने मधोमध कापून दोन करायचे, अर्धा खारघरच्या मित्राला. मी नको नको म्हटलं. हसले. खरं सांगितलं तर वेडी म्हणून हाकलतील. पोरीला घेऊन जाऊ कुठे — झाड तर इथेच राहणार.

२२ जून
आज रविवार. कुंडी लपवायला गेले. हलली नाय. मुळं खालून जमिनीत गेलीत. मनस्वीला कळा सुरू. रिक्षा अजून येत नाय. साहेब फोन उचलत नाहीत.

साहेब, वही पायरीवर ठेवून जाते — आधी हे वाचा. झाडाला हात लावू नका. पाया पडते. मला हसा, कामावरून काढा, पण सुरी —

मागचं फाटक वाजलं का?

मनस्वी ओरडली. तिच्या पोटावर रेघ उमटलीय. मधोमध, सरळ, वरून खाली — अजून खाली येतेय — साहेब, थां