पहिल्या हाकेला ओ

आई, गिझर पुन्हा बंद पडलाय. तोच, गॅसचा, पूर्वी पांढरा होता आणि आता पिवळट झालाय, ज्याला तू शेवटपर्यंत ‘बंब’च म्हणत राहिलीस. नळ सोडला की आत टिकटिक व्हायची आणि भप् करून ज्योत पेटायची. आता टिकटिकसुद्धा नाही. मी सेल बदलले, सिलिंडर तपासला, तुझ्यासारखी डब्यावर एक थापही हाणून पाहिली. पाणी येतं, पण गार. अंघोळीचं काय, चुलीवर पातेलंभर तापवून घेता येईल. मिस्त्री दुपारी येतोय, आणि ‘ताई, हे आता भंगारात घाला’ असं तो म्हणेल याची मला सकाळपासून धास्ती वाटतेय. का, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? पाइपमधून तुझा आवाज येतो म्हणून जुना गिझर ठेवायचाय, असं मिस्त्रीला सांगितलं तर तो हत्यारं गोळा करून पळून जाईल.

तुझं माहेर गगनबावड्याकडचं. पावसाळ्यात तिथं धुकं असं उतरायचं म्हणे, की अंगणातला माणूस दिसायचा नाही, नुसती हाक ऐकू यायची. तिथूनच तू तो नियम कोल्हापुरात आणलास. ‘पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाय. माणूस असंल तर परत हाक मारंल की. त्ये एकदाच मारतंय.’ ‘त्ये’ म्हणजे कोण, हे तू कधी सांगितलं नाहीस आणि विचारायची माझी छाती झाली नाही. पण नियम मात्र अंगात भिनला. आपल्या घरात आपण दोघीच, आणि दोघीही पहिल्या हाकेला ढिम्म. शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘ह्या मायलेकी ठार बहिऱ्या हायत.’

मग ती थंडी आली. शतक संपत आलं होतं, तांब्याचा बंब माळ्यावर गेला होता आणि गिझर न्हाणीघरातच, तुझ्या डोक्यावर लावलेला होता. वारं झोंबतं म्हणून तू खिडकीत पोतं कोंबलं होतंस. मी स्वयंपाकघरात चहा करतेय. मी हाक मारते, ‘आई, झालं का गं?’ ओ नाही. ती पहिलीच हाक, म्हणून मी निवांत चहात साखर घालते, ढवळते. दुसरी हाक मारते. आत नुसतं पाणी पडतंय. तिसऱ्या हाकेला मी कप ठेवते आणि दाराला खांदा देते. तू पाटावर भिंतीला टेकून बसली आहेस, डोळे अर्धे उघडे, आणि वर गिझरच्या काचेत ज्योत पिवळीजर्द, लांब, लवलवती. मी नळ बंद केला, तुला काखेत हात घालून परसात ओढत आणलं. कितीतरी वेळानं तू ओकलीस आणि मोठा श्वास घेतलास. मी ओरडले, ‘ओ द्यायला काय झालं होतं तुला?’ तर तू म्हणालीस, ‘ऐकलो की मी. पर पहिलीच हाक व्हती.’ आणि दुसरी? ‘दुसऱ्या हाकेला जीभच उचलंना.’

तुझं डोकं मांडीवर घेऊन मी तिथंच खदखदून हसले. नंतर दवाखान्यात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क पाहिला. त्या गोष्टीवर मी पुन्हा कधी हसले नाही.

मिस्त्रीनं तेव्हा गिझर उघडला, तर आत काजळीचा थर आणि बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं. ब्रशनं काजळी झाडली, बारीक तारेनं एकेक भोक मोकळं केलं. मग खिडकीतलं पोतं ओढून काढून तुझ्यावर तडकला, ‘मावशी, गार वारं परवडलं, पर ह्ये न्हाय! ज्योत निळी पायजे. पिवळी दिसली की इखारी वायू साठतोय समजायचं, नळ बंद आन् थेट भाईर.’ तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. तुला कुणी बोललेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. गिझर मग परसातल्या भिंतीवर गेला, आत फक्त लांब पाइप आला. तू नियमात दुरुस्ती केलीस: न्हाणीघरात पहिल्या हाकेला ओ, बाकी घरात जुनंच चालू. आणि गंमत म्हणजे त्या नव्या पाइपला कंठ फुटला. नळ सोडला की तो घुमायचा, ओऽऽ. तू म्हणायचीस, ‘बघ, ह्यो माझ्या आधी ओ देतोय.’

तू गेलीस ती न्हाणीघरात नाही. काही वर्षांनी, दुपारी, कॉटवर, झोपेत. चहाला उठवायला मी हाक मारली आणि सवयीनं थांबले. त्या दिवशीही मी तीन हाका मारल्या.

तेव्हापासून नळ सोडायच्या आधी मी हळूच ‘आई’ म्हणते. पाइप ओ देतो. मी खुळी नाही, पाण्याच्या जोरानं पाइप थरथरतो हे मला कळतं. पण सकाळी एकदा ती ओ ऐकली की माझा दिवस उभा राहतो.

मिस्त्री येऊन गेला. तोच, आता केस पिकलेत. गिझर खोलून म्हणाला, ‘पाण्याचा रबरी पडदा फाटलाय, म्हणून पेटंना झालाय.’ भंगाराचं नावही काढलं नाही. ‘मावशींचा बंब हाय, असा टाकतोय व्हय?’ म्हणत त्यानं दुसऱ्या जुन्या गिझरमधला पडदा काढून बसवला. ज्योत पेटली, निळी, ठेंगणी, तुला आवडली असती. मी सुटले म्हणत चहा टाकायला आत गेले, तोवर त्यानं न सांगता पाइपला क्लिपा मारून तो भिंतीला घट्ट आवळून टाकला. ‘लई बोंबलत हुता. आता बघा, कसा गप झालाय!’ इतका खूश होता बिचारा. मी त्याला चहा दिला.

तो गेल्यावर मी ‘आई’ म्हटलं आणि नळ सोडला. कढत पाणी आलं, मुकाट. मी तिथंच बसून रडले, तुझ्यासारखी, गळा काढून. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला, क्लिपेला लावलासुद्धा, आणि ठेवून दिला. मी स्क्रू ढिला करून आणलेली ओ तुझी कशी म्हणायची?

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुझा वाचायचा चष्मा माझ्याच कपाटात आहे, पाठवून तरी तू कशी वाचणार? काल इथवर लिहून थांबले होते. पण आजचं एक सांगायला हवं. सकाळी चहा ठेवला होता, नळ बंद होता, आणि परसाकडून कुणीतरी मला माझ्या घरातल्या नावानं हाक मारली. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मी चमचा हातात धरून उभी राहिले. दुसरी हाक आली नाही. तू शिकवलेलं सगळं मला आठवत होतं गं, तरी मी ओ दिली.